विनोदालाही फुटेज लागतं

न्यूज चॅनलवर कुणी विनोद केल्याचा विषय निघाला की एक जण हमखास म्हणतो, "अरे, बातम्याच एवढ्या विनोदी झाल्यात, वेगळा विनोद हवाय कशाला?" वाक्य टाळ्यांचं आहे, पण मला पटत नाही. बातम्या हास्यास्पद असणं वेगळं आणि त्या हास्यास्पद का आहेत हे कुणीतरी उलगडून दाखवणं वेगळं. पहिल्याने आपण फार तर चॅनल बदलतो. दुसऱ्याने कधी कधी चॅनललाच बदलावं लागतं.

कधी कधीच. उदाहरणं फार नाहीत. सगळ्यात गाजलेलं अमेरिकेतलं. जॉन स्टुअर्ट नावाचा विनोदवीर कॉमेडी सेंट्रलवर 'द डेली शो' करायचा. १५ ऑक्टोबर २००४ ला तो सीएनएनच्या 'क्रॉसफायर'मध्ये पाहुणा म्हणून गेला. एक डावा, एक उजवा, दोघांनी भांडायचं, असा तो कार्यक्रम. (आपल्याकडे आता आठ खिडक्यांत आठ जण भांडतात. म्हणजे आपण चौपट पुढे गेलो :-)) स्टुअर्ट आपले नेहमीचे विनोद करेल म्हणून त्याला बोलावलं होतं. त्याने गंभीरपणे त्या दोघांना सुनावलं की तुम्ही करताय ती चर्चा नाही, नाटक आहे, आणि त्याने देशाचं नुकसान होतंय. पुढच्या जानेवारीत सीएनएनने तो कार्यक्रम बंद करायचं जाहीर केलं.

दुसरा किस्सा मार्च २००९ चा. मंदीने लोकांचे पैसे बुडाले होते आणि सीएनबीसीवर आरडाओरडा करत शेअर सुचवणारा जिम क्रेमर स्टुअर्टसमोर बसला होता. स्टुअर्टने फारसं काही केलं नाही. क्रेमरचीच २००६ ची एक जुनी टेप लावली. हेज फंडवाले बाजारात भाव कसे हलवतात हे त्या टेपमध्ये तो स्वतःच सांगत होता. टेप थांबवायची, क्रेमरकडे बघायचं, परत टेप लावायची. बस्स. मुलाखत बघताना हसू येत नाही, अंगावर काटा येतो.

आता यात स्टुअर्टने नवीन बातमी कुठली शोधली? एकही नाही. त्याच्याकडे वार्ताहर नव्हते, सूत्रं नव्हती. त्याच्याकडे जुन्या क्लिप शोधून काढणारी माणसं होती.

आमच्या धंद्यात डिफ नावाची एक साधी कमांड आहे. दोन फाइल दिल्या की त्यांच्यात कुठे काय वेगळं आहे तेवढंच ती दाखवते. चूक की बरोबर, ते सांगत नाही. पण रात्री दोन वाजता प्रॉडक्शन बंद पडतं तेव्हा ज्ञानापेक्षा ही कमांडच जास्त कामाला येते. काल काय होतं, आज काय आहे, मधे कुणी काय बदललं? टीव्हीवरचा चांगला व्यंगकार डिफच चालवत असतो. काल हा अँकर काय म्हणाला, आज काय म्हणतोय. एका चॅनलने काय दाखवलं, दुसऱ्याने काय. दोन तुकडे शेजारी ठेवले की हसू आपोआप येतं. बातम्यांचा सगळा धंदा चालतो तो प्रेक्षक कालचं विसरतो या भरवशावर, आणि व्यंगकार नेमका तिथेच बोट ठेवतो.

हा डिफ आपल्या भागातही एकदा चालवला गेला आहे, आणि तो भयंकर होता. ऑक्टोबर २००९, विधानसभेची निवडणूक. परभणीला लागून असलेल्या नांदेड जिल्ह्यातल्या भोकर मतदारसंघात तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण उभे होते. त्यांचं कौतुक करणारा एकच लेख तीन स्पर्धक मराठी दैनिकांमध्ये शब्दशः सारखा छापून आला. 'जाहिरात' असा शब्द कुठेही नाही. पी. साईनाथ यांनी ३० नोव्हेंबर २००९ ला 'द हिंदू'मध्ये हे बाहेर काढलं. डिफची भाषा वापरायची तर आउटपुट रिकामं. तीन कंपन्या, तीन संपादक आणि फरक शून्य. चव्हाणांनी निवडणूक खर्चात वर्तमानपत्रातल्या जाहिरातींसाठी दाखवलेली रक्कम होती ५,३७९ रुपये.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. चव्हाणांनी आरोप नाकारले. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने खर्चाच्या हिशेबावरून त्यांना नोटीस दिली आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने उमेदवाराचा विषय संपला. पण वर्तमानपत्रांचा? प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी पेड न्यूजवर ७१ पानांचा अहवाल लिहिला होता, नावांनिशी. कौन्सिलने २०१० मध्ये नावं गाळून एक छोटा अहवाल काढला. मूळ अहवाल २०११ मध्ये, माहिती आयोगाच्या आदेशानंतर, लोकांसमोर आला. पत्रकारितेची चौकशी करणारी संस्थाच पत्रकारितेची नावं घ्यायला कचरत होती.

आता गंमत बघा. तीन पेपरांत एकच लेख! प्रहसनासाठी यापेक्षा तयार मसाला कुठे मिळणार? तीन संपादक एकाच टेबलाशी बसून एकच वाक्य कोरसमध्ये वाचताहेत, एवढं दाखवलं तरी महाराष्ट्र लोळला असता. माझ्या तरी आठवणीत एकाही मराठी चॅनलने हे केलं नाही.

आपल्याला विनोद कळत नाही म्हणून? छे. तमाशातला सोंगाड्या पाटलाची आणि हवालदाराची टोपी उडवतच मोठा झाला. वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' आणि त्यातले दादा कोंडके घरोघरी माहीत आहेत. टीव्हीवर झी मराठीचं 'घडलंय बिघडलंय' राजकारणाची टिंगल करून गेलं. २०१४ मध्ये 'चला हवा येऊ द्या' आलं. त्यात सागर कारंडे पोस्टमन होऊन अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रं वाचायचा, आणि शेतकऱ्यावरचं एखादं पत्र ऐकून जेवढी माणसं रडली असतील तेवढी त्या दिवशीच्या नऊच्या बातम्यांनी नक्की रडवली नसतील. म्हणजे विनोद आहे, करुणा आहे, हिंमतही आहे. नेत्याची नक्कल चालते, नटाची चालते, मास्तरची, पोलिसाची, सासूची चालते. चालत नाही ती शेजारच्या स्टुडिओत बसलेल्या अँकरची. फार तर त्याच्या ओरडण्याची नक्कल होते. तो काय दाखवत नाही, का दाखवत नाही आणि त्याचे पैसे कुठून येतात, यावर अळीमिळी गुपचिळी.

कारण साधं आहे. मनोरंजनाचं चॅनल आणि बातम्यांचं चॅनल बऱ्याचदा एकाच घरातलं असतं. झी मराठी आणि झी २४ तास हे तर नावातच आलं. एका भावाने दुसऱ्याची अब्रू चव्हाट्यावर आणावी अशी अपेक्षा कोण करणार? मराठी साहित्याचं नशीब चांगलं होतं. जयवंत दळवींनी 'ठणठणपाळ' या नावाने 'ललित'मध्ये वर्षानुवर्षं साहित्यिकांचीच फिरकी घेतली. धंद्यातल्याच माणसाने धंद्याची, आणि लोकांनी ती चवीने वाचली. मराठी पत्रकारितेला टीव्हीवर तिचा ठणठणपाळ मिळाला नाही.

हिंदी-इंग्रजीत थोडं बरं झालं. न्यूजलाँड्री ही २०१२ मध्ये सुरू झालेली वेबसाइट. तिच्या 'टीव्ही न्यूसन्स' या कार्यक्रमात मनीषा पांडे यांनी चॅनलांच्या क्लिप लावून, थांबवून, शांतपणे चिरफाड केली. सरळ सरळ स्टुअर्टची पद्धत. पण ती साइट जाहिरातींवर नाही, वाचकांच्या वर्गणीवर उभी राहिली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बातम्यांची टिंगल करायला विनोदबुद्धी लागते हे खरं, पण त्याआधी वेगळा पैसा लागतो.

इथपर्यंत बहुतेक लोक माझ्याशी सहमत असतात. मला खरं म्हणायचंय ते यापुढे आहे.

डिफला दोन फाइल लागतात. एखादी फाइल मुळात तयारच झाली नसेल तर? क्रेमरची टेप होती म्हणून स्टुअर्ट ती लावू शकला. अँकर कॅमेऱ्यासमोर किंचाळला म्हणून त्याची क्लिप निघते. पण जिथे कॅमेरा गेलाच नाही तिथली कसली क्लिप लावणार? चॅनलने जे वाईट दाखवलं ते व्यंगकार पकडू शकतो. जे दाखवलंच नाही, ते त्याच्या हातातून निसटतं. आणि आमच्या परभणीसारख्या जिल्ह्याचं दुखणं नेमकं हे दुसरं आहे.

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' आणि 'जगात जर्मनी, देशात परभणी' अशा दोन म्हणींवर आमचा जिल्हा मिशीला पीळ देत असतो. टीव्हीच्या बातम्यांत मात्र ना जर्मनी ना परभणी. नऊ तालुके, २०११ च्या जनगणनेप्रमाणे १८ लाखांवर लोकसंख्या, कृषी विद्यापीठ, खालून गोदावरी आणि वरून बेभरवशाचा पाऊस. हा जिल्हा टीव्हीवर कधी दिसतो? जानेवारी २०२० मध्ये दिसला. पाथरी हे साईबाबांचं जन्मस्थान म्हणून सरकारने तिथे निधी द्यायचं जाहीर केलं, शिर्डीकरांनी १९ जानेवारीला बंद पाळला, आणि ओबी व्हॅन पाथरीत पोचल्या. जन्मस्थान कुठलं यावर दोन खिडक्यांत दोन गावं भांडली. वाद थंडावला तशा व्हॅन गेल्या. पाथरीला रोज नळाला पाणी येतं का, कापसाला काय भाव मिळाला, हे विचारायला त्या आल्या नव्हत्या.

मग दिसला डिसेंबर २०२४ मध्ये. १० तारखेला परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं, आणि त्यानंतर अटक झालेल्या एका तरुणाचा १५ तारखेला न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला. दगड आणि जळालेल्या गाड्यांचं फुटेज भरपूर आहे. ते डोळ्यांना दिसतं, लूपवर फिरवता येतं. कोठडीत काय घडलं याचं फुटेज कुठून येणार? तिथे कागद वाचावे लागतात, कोर्टात बसावं लागतं, महिनोन्‌महिने पाठपुरावा करावा लागतो. अशा कामाला ब्रेकिंग न्यूजचा लाल पट्टा लावता येत नाही.

मराठवाड्याच्या दुष्काळाचंही तेच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा तिचं स्वागत एखाद्या सेलिब्रिटीसारखं झालं. दहा वॅगन, पाच लाख लिटर पाणी. रेल्वे दिसते. जमिनीत दरवर्षी खाली खाली जाणारं पाणी दिसत नाही. कॅमेऱ्याला हलणारी गोष्ट लागते आणि दुष्काळ ही न हलणारी गोष्ट आहे.

साईनाथ यांनीच दिलेला आणखी एक हिशेब आहे. २००६ मध्ये मुंबईतल्या फॅशन वीकला ५१२ अधिकृत पत्रकार होते. त्याच वेळी विदर्भात कापूस उत्पादकांच्या आत्महत्या चालू होत्या आणि तिथे बाहेरून गेलेले राष्ट्रीय माध्यमांचे पत्रकार बोटांवर मोजण्याइतके. रॅम्पवर कपडे सुती होते, हे विशेष.

जे दाखवलंच नाही ते कसं दाखवायचं, हा प्रश्न मला माहीत असलेल्यांपैकी एकाच कलाकृतीने नीट सोडवला. २०१० चा 'पीपली लाइव्ह'. टीव्हीवरचा कार्यक्रम नाही, सिनेमा आहे, पण न्यूज चॅनलवर एवढं टोकदार व्यंग आपल्याकडे दुसरं झालेलं नाही. दिग्दर्शिका अनुषा रिझवी स्वतः आधी न्यूज चॅनलमध्ये काम करायच्या, म्हणजे ठणठणपाळासारख्याच घरच्या माणूस. नत्था नावाचा शेतकरी आत्महत्या करणार अशी बातमी फुटते आणि अख्खं चॅनलविश्व गावात येऊन पडतं. पाळणे, जत्रा, लाइव्ह. एक रिपोर्टर तर नत्थाच्या विष्ठेवरून त्याच्या मनःस्थितीचं विश्लेषण करतो. थिएटरात यावर सगळे हसतात.

पण त्याच सिनेमात होरी महतो नावाचा एक म्हातारा आहे. वाळलेला, मुका वाटावा असा. तो रोज खड्डा खणून माती विकतो. एक दिवस त्याच खड्ड्यात मरून पडतो. त्याच्यावर एकही कॅमेरा नसतो. राकेश हा गावाकडचा छोटा पत्रकार (नवाझुद्दीन सिद्दीकी) दिल्लीच्या मोठ्या रिपोर्टरला त्याच्याबद्दल विचारतो, तेव्हा तिच्या दृष्टीने बातमी नत्था असतो, होरी नव्हे. नत्थाच्या प्रसंगांवर हसू येतं कारण तिथे फुटेज आहे. होरीच्या प्रसंगावर कुणी हसत नाही. खऱ्या चॅनलकडून होरीची क्लिप कुठल्याच व्यंगकाराला मिळाली नसती. ती कल्पनेने तयार करावी लागली.

कॅमेरा होरीकडे का जात नाही? पत्रकार दुष्ट असतात म्हणून नाही. आपण जे मोजतो तेच आपल्याला मिळतं, हा आमच्या धंद्यातला जुना अनुभव आहे. टेस्टरला बगच्या संख्येवर इन्सेंटिव्ह द्या, तो बटणाच्या रंगाचे शंभर बग लॉग करेल. चॅनलचा इन्सेंटिव्ह टीआरपी. आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये बार्कने ग्रामीण भागाचे आकडे द्यायला सुरुवात करेपर्यंत टीआरपीच्या हिशेबात खेडी नव्हतीच! परभणी जिल्ह्यातली दोन तृतीयांशाहून जास्त माणसं खेड्यात राहतात. म्हणजे २००७-०८ मध्ये झी २४ तास, स्टार माझा, आयबीएन लोकमत असे मराठी न्यूज चॅनल एकामागून एक आले, त्यांच्या सवयी घडल्या, तेव्हा जिंतूर किंवा पालमच्या खेड्यातला प्रेक्षक त्या आकड्यांत अस्तित्वातच नव्हता. जो मोजला जात नाही त्याच्यासाठी ओबी व्हॅनचं डिझेल कोण जाळणार? पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये टीआरपी घोटाळ्याचे आरोप झाले आणि न्यूज चॅनलचे आकडे मार्च २०२२ पर्यंत बंदच राहिले. त्या काळात आरडाओरडा कमी झाल्याचं कुणाला जाणवलं का? मला नाही जाणवलं. सवय लागली की मीटर काढलं तरी गाडी तशीच पळते.

मग परभणीची बातमी येते कुठून? तालुक्याच्या वार्ताहराकडून. हा माणूस पगारी नसतो. चॅनलला बातमीमागे पैसे, पेपरला नाममात्र मानधन आणि जाहिराती आणल्या तर कमिशन. गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचं, कॅमेरा म्हणजे बहुतेक स्वतःचा मोबाइल. चॅनल देतं तो बूम, म्हणजे नाव छापलेला माइक. ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात आणायची, त्याच्याच ठेकेदाराच्या रस्त्याची बातमी द्यायची. हे गणित सोडवून दाखवा बघू! तरीही काही जण ते सोडवतात आणि बातमी देतात. सिनेमातल्या राकेशसारखे. त्याचा शेवट आठवतोय ना? आगीत मरतो आणि त्यालाच नत्था समजून फाइल बंद होते.

म्हणून मला आजकाल व्यंगाच्या कौतुकाची थोडी भीती वाटते. आपण पुण्या-मुंबईत बसून अँकरची फजिती करणारी क्लिप बघतो, ग्रुपवर टाकतो, आणि आपण माध्यमांना ओळखून आहोत असं समाधान मिळतं. ते समाधान फुकटचं आहे. त्या क्लिपमध्ये दोन्ही बाजू स्टुडिओतल्याच असतात, चिडवणारा आणि चिडलेला. होरी महतो तिथेही नसतोच.

व्यंग हवंच. मराठीत तर फारच हवं, आणि बातम्यांच्या मालकांपर्यंत पोचणारं हवं. अशोकपर्वाच्या वेळी एक ठणठणपाळ टीव्हीवर असता तर पुढच्या निवडणुकीत तोच लेख तीन ठिकाणी छापायला संपादकांची थोडी तरी धडकी भरली असती. पण व्यंग हा रिव्ह्यू आहे. कोड दुसऱ्या कुणीतरी लिहावा लागतो. जिथे कोडच नाही तिथे रिव्ह्यू कशाचा करणार?

तेव्हा आपल्यासारख्यांना करता येण्यासारखं एक छोटं काम. आपण ओटीटीला महिन्याला किती देतो ते आठवा. त्यातला एक हिस्सा बातमीसाठी बाजूला काढा, आणि तोही दिल्ली-मुंबईच्या आधी आपल्या जिल्ह्यात जो कुणी स्वतः जाऊन, कागद बघून लिहितो त्याच्यासाठी. साप्ताहिक असेल, छोटा पेपर असेल, मोबाइलवर चालणारं चॅनल असेल. चारदा वाचा, पारखून घ्या आणि मग वर्गणी भरा. गावी फोन केल्यावर 'पाऊस कसाय'च्या पुढे आणखी एक प्रश्न विचारा: तुमच्याकडे बातमी घ्यायला कोण येतं? बऱ्याच घरांतून उत्तर 'कुणी नाही' असं येईल. आपल्या जिल्ह्याची पहिली बातमी तीच आहे, आणि तिची क्लिप कुठल्याही चॅनलकडे नाही.